सर्व्हर कोणता, हा प्रश्न दुसरा

पत्राचा सारांश

भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या संचालिकेचे हे पत्र आहे. वडिलांनी उभा केलेला कारखाना आता त्या वडिलांच्या बरोबरीने सांभाळतात. ईआरपी (स्टोअर्सपासून डिस्पॅचपर्यंतच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर), टॅली आणि ड्रॉइंगच्या फाइली असे सारे एकाच सर्व्हरवर असून त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आहे. अलीकडे हा सर्व्हर अचानक बंद पडला आणि अडीच दिवस बिले, चलने, ई-वे बिले काहीच निघू शकले नाही; तयार माल गेटच्या आत पडून राहिला. बॅकअप होता, पण वापरता येईल असा शेवटचा बॅकअप ११ दिवस जुना निघाला. आता नवी व्यवस्था करायची आहे. अनेक वर्षे कारखान्यातले संगणक बघणारे गृहस्थ नामांकित कंपनीचा नवा सर्व्हर घ्या म्हणतात, धाकटा भाऊ सगळे क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या मशीनवर, न्या म्हणतो, आणि एका परिचितांचा आग्रह विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीचा आहे, कारण ते फुकट मिळते आणि बंद पडत नाही असे त्यांचे म्हणणे आहे. वडिलांना आपला हिशेब परक्याच्या मशीनवर ठेवणे मान्य नाही. ‘पुन्हा कधीच बंद पडणार नाही असा सर्वांत विश्वासार्ह प्लॅटफॉर्म कोणता, एवढे एकदा सांगा,’ अशी संचालिकेची विनंती आहे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही घटनाक्रम इतका नेटका लिहिला आहे की उत्तराचा बराचसा भाग त्यातच सापडतो. डेटा काढून देणाऱ्या तंत्रज्ञाने तुम्हाला सांगितले की चारपैकी एक डिस्क काही महिन्यांपूर्वीच निकामी झालेली होती. आणि अकाउंट्समधल्या एकांना त्या डिस्कवरचा पिवळा दिवा बरेच दिवस लागलेला आठवतो. तुमच्या सर्व्हरमधल्या डिस्क रेड ५ पद्धतीने जोडलेल्या होत्या. या पद्धतीत एक डिस्क गेली तरी काम चालू राहते, दुसरी गेली की सगळेच जाते. म्हणजे पहिली डिस्क गेली त्या दिवशी तुमच्या सर्व्हरने त्याच्याकडून अपेक्षित असलेले काम चोख केले, दिवा लावून सूचनाही दिली, आणि पुढचे काही महिने कोणतीही सवड न उरलेल्या अवस्थेत तो कारखाना चालवत राहिला. त्या दिव्याकडे बघणे हे कोणाचेच काम नव्हते. नवी डिस्क त्या आठवड्यात बसवली असती, तर तुम्हाला हे पत्र लिहावे लागले नसते.

बॅकअपचेही तसेच. बाहेरची यूएसबी डिस्क सर्व्हरला कायमची जोडलेली, रोज रात्री अकराला बॅकअप आपोआप सुरू होण्याची व्यवस्था, आणि ती डिस्क भरल्यामुळे ११ दिवस रोज रात्री अर्धवट राहणारे काम. अयशस्वी झाल्याची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये रोज होत होती, पण ती कोणालाही ईमेलने जात नव्हती.

हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तुमच्या प्रश्नामागे एक समजूत आहे, ती तपासून पाहावी म्हणून लिहितो आहे. विश्वासार्हता हा प्लॅटफॉर्मचा गुण आहे आणि योग्य प्लॅटफॉर्म विकत घेतला की ती सोबत येते, असे तुम्ही धरून चालला आहात. तुमच्याकडे जे दोन बिघाड झाले, ते विंडोजऐवजी लिनक्स असते तरी झाले असते, आणि त्यातला दुसरा बिघाड क्लाउडवरही झाला असता. ‘कधीच बंद पडणार नाही’ असे यंत्र कोणीही विकत नाही. बंद पडल्यावर किती वेळात आणि किती नुकसानीनिशी आपण पुन्हा उभे राहू, एवढेच आपल्या हातात असते. आणि ते आधी ठरवले तर प्लॅटफॉर्मची निवड पुष्कळ सोपी होते.

म्हणून कोटेशन मागवण्यापूर्वी वडील, भाऊ आणि स्टोअर्स, डिस्पॅच व अकाउंट्सचे प्रमुख यांना एकत्र बसवा आणि प्रत्येक कामासाठी दोन आकडे लिहून काढा: हे काम किती तास बंद राहिले तर चालेल, आणि किती तासांच्या नोंदी पुन्हा हाताने भराव्या लागल्या तर चालेल. पगारपत्रक दोन दिवस थांबू शकते. ड्रॉइंग एक दिवस थांबू शकतात, पण त्यांच्यातला एकही बदल हरवता कामा नये. डिस्पॅचला मात्र चार तासही जड जातात, कारण माल वेळेत पोहोचला नाही आणि ग्राहकाची लाइन थांबली, तर डेबिट नोट येते आणि पुढच्या शेड्यूलमध्ये तुमचा वाटा कमी होतो. तुमच्या अडीच दिवसांची खरी किंमत तिथे मोजली गेली असणार. सगळ्या कामांना सारखीच सुरक्षितता देऊ लागलो तर खर्च परवडत नाही आणि मग कोणालाच पुरेशी मिळत नाही. म्हणून हा कागद आधी हवा.

दुसरी गोष्ट. प्लॅटफॉर्म तुम्ही निवडत नाही, तुमचे सॉफ्टवेअर निवडते. टॅलीप्राइम विंडोजवर चालते. तुमची ईआरपी तुमच्या वर्णनावरून विंडोज आणि एसक्यूएल सर्व्हर (डेटा साठवणारे मायक्रोसॉफ्टचे सॉफ्टवेअर) यांवर आधारलेली आहे. एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून लिनक्सवरही चालतो हे खरे, पण ईआरपीचा उरलेला भाग चालेल का आणि त्या कंपनीचा सपोर्ट मिळेल का, हे तीच सांगू शकते, आणि ते लेखी घ्यावे. माझ्या मते तुमच्यासाठी लिनक्सचा प्रश्न इथेच मिटतो. परिचितांचे म्हणणे चुकीचे नाही. इंटरनेटवरच्या सेवांचा फार मोठा भाग लिनक्सवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो. पण तुमच्या दोन मुख्य कामांपैकी टॅली विंडोजसाठीच आहे, ईआरपी त्यावर चालेल याची खात्री नाही, आणि तुमच्याकडे लिनक्स जाणणारा माणूस नाही.

‘फुकट’ या शब्दाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण इतर वाचकांनाही ते उपयोगी पडेल. सेंटओएस ही लिनक्सची आवृत्ती असंख्य व्यवसायांनी विनामूल्य आणि भरवशाची म्हणून स्वीकारली होती. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत सुधारणा मिळतील, असे धरून लोकांनी सर्व्हर उभे केले. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली की ती २०२१ अखेर संपेल. आल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या पर्यायी आवृत्त्या पुढे आल्यामुळे पुष्कळांची सोय झाली, पण स्थलांतराची धावपळ टळली नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचीही हमी असते असे नाही. एकाच यंत्रावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र, म्हणजे आभासी, सर्व्हर चालवण्यासाठी व्हीएमवेअर हे जवळजवळ ठरलेले उत्तर होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली आणि काही आठवड्यांतच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवून फक्त वर्गणीची पद्धत ठेवली. त्यामुळे कोणतीही प्रणाली निवडताना तिला सुरक्षा सुधारणा किती सालापर्यंत मिळणार, हे आधी पाहावे आणि ते साल आपल्या वहीत लिहून ठेवावे. उबंटू या लिनक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे मिळतात. विंडोज सर्व्हर २०२२ ला ऑक्टोबर २०३१ पर्यंत आणि २०२५ ला २०३४ पर्यंत. तुमच्या २०१२ आर२ ची नेहमीची मुदत १० ऑक्टोबर २०२३ रोजीच संपली आहे. बिघाड झाला नसता तरी तो बदलायला हवाच होता.

आता क्लाउड. तुमच्या भावाचे म्हणणे हलके घेऊ नका, आणि वडिलांचेही नाही. वडिलांना आपला डेटा देशाबाहेर जाईल अशी भीती असेल, तर ती दूर करता येते. ॲमेझॉनची केंद्रे मुंबई आणि हैदराबादला आहेत, मायक्रोसॉफ्टचे एक पुण्यातच आहे, गुगलची मुंबई आणि दिल्लीला आहेत. आपला डेटा कुठे राहील हे खाते उघडतानाच निवडता येते. भारतातली निवड तुमच्यासाठी ऐच्छिकही नाही. कंपनी कायद्याखालच्या लेखा नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या बदलानुसार, संगणकावर ठेवलेल्या हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असला पाहिजे. तुमच्या ११ दिवसांच्या खंडाकडे या नजरेनेही पाहा, आणि तुमच्या ऑडिटरशी त्याबद्दल मोकळेपणाने बोला.

मात्र क्लाउडवर गेलो की आपले काम संपले, ही भावाची समजूत खरी नाही. तिथली कंपनी इमारत, वीज आणि यंत्रे सांभाळते. त्यावरचा डेटा आणि त्याचा बॅकअप ही तुमचीच जबाबदारी राहते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि त्यातली एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. याच्या उलट उदाहरण युनिसुपर या ऑस्ट्रेलियन पेन्शन फंडाचे आहे. मे २०२४ मध्ये गुगल क्लाउडकडच्या एका चुकीमुळे त्यांची तिथली खासगी क्लाउडची व्यवस्था पुसली गेली. सहा लाखांवर सभासदांना कित्येक दिवस आपले खाते पाहता आले नाही, पण त्यांनी बॅकअप वेगळे ठेवलेले, आणि त्यातला एक दुसऱ्याच कंपनीकडे असल्यामुळे ते पुन्हा उभे राहिले. जगातल्या सर्वांत मोठ्या प्लॅटफॉर्मांपैकी एकावर असूनही त्यांना तारले ते वेगळ्या ठेवलेल्या प्रतींनी.

क्लाउड कंपन्यांच्या हमीचे आकडेही नीट वाचायला हवेत. ९९.९ टक्के ऐकायला जवळजवळ शंभर वाटते, पण वर्षाचे ते पावणेनऊ तास बंद राहणे आहे. ॲमेझॉनची एकट्या मशीनसाठीची हमी महिन्याला ९९.५ टक्के, म्हणजे महिन्यात साधारण साडेतीन तास बंद राहिले तरी ती मोडत नाही. आणि मोडली तरी मिळते ती बिलातली सूट, थांबलेल्या लाइनची भरपाई नव्हे. त्याहून चांगली हमी हवी असेल तर तेच काम दोन वेगळ्या ठिकाणच्या मशीनवर मांडावे लागते आणि खर्च त्या प्रमाणात वाढतो.

तुमच्या बाबतीत मला आणखी एक अडचण दिसते. शॉप फ्लोअरवरची बारकोडची नोंद आणि गेटवरचे चलन हे दिवसभर चालणारे काम आहे आणि तुमच्याकडे इंटरनेटची एकच लाइन आहे. एमआयडीसीत रस्त्याचे किंवा गटाराचे खोदकाम निघाले की केबल तुटते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ई-वे बिलासाठी इंटरनेट लागतेच, पण ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही निघते. पंचवीस जणांची ईआरपी त्यावर चालत नाही. म्हणून क्लाउडवर जा किंवा जाऊ नका, दुसऱ्या कंपनीची, वेगळ्या मार्गाने येणारी दुसरी लाइन आधी घ्या.

हे सगळे लक्षात घेऊन माझे मत स्पष्ट सांगतो. ईआरपी आणि टॅली सध्या कारखान्यातच, नव्या सर्व्हरवर, विंडोज सर्व्हरच्या चालू आवृत्तीवर ठेवा. ईमेल आणि कार्यालयीन फाइली क्लाउडवर न्या, आणि रात्रीच्या बॅकअपची एक प्रत रोज भारतातल्या क्लाउड केंद्रात पाठवा. ईआरपी कंपनी पुढे स्वतःच ब्राउझरवर चालणारी आवृत्ती देणार असेल, तर त्या वेळी भावाचा प्रस्ताव पुन्हा विचारात घ्या. तेव्हा तो बहुधा योग्य असेल. ज्या वाचकांचा व्यवसाय मुळात वेबसाइटवर किंवा ॲपवर चालतो, ज्यांच्याकडे जड यंत्रसामग्री नाही आणि कर्मचारी विखुरलेले आहेत, त्यांना मी याच्या उलट सल्ला देईन: त्यांनी सर्व्हर विकत घेऊच नये.

सर्व्हर घेताना कंपनीच्या नावापेक्षा कोटेशनमधल्या ओळी महत्त्वाच्या असतात. ईसीसी (स्वतःच्या बारीक चुका दुरुस्त करणारी) मेमरी, दोन पॉवर सप्लाय, चालू सर्व्हरमधून काढता-घालता येणाऱ्या डिस्क आणि सोबत घेऊन ठेवलेली एक जादा डिस्क हे मुद्दे त्यात असावेत. वॉरंटीपुढे ‘नेक्स्ट बिझनेस डे’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ विक्रेत्याकडून नीट समजून घ्या. तक्रार नोंदवून तिचे निदान झाल्यावर, पुढच्या कामाच्या दिवशी माणूस किंवा सुटा भाग येतो. शुक्रवारी संध्याकाळी बिघाड झाला तर तो दिवस सोमवार असू शकतो, आणि भोसरीत तुमची सुट्टी गुरुवारी असली तरी त्यांची रविवारी असते. डिस्पॅचसाठी तुम्ही चार तास हा आकडा ठरवला असेल, तर चार तासांत येणारी सेवा आणि तिचा दर मागा, किंवा जुळणारा दुसरा साधा सर्व्हर जवळ ठेवण्याचा खर्च त्याच्याशी ताडून पाहा. अनेकदा दुसरा पर्याय स्वस्त पडतो.

लायसन्सचा हिशेबही कोटेशनमध्ये पूर्ण असावा. विंडोज सर्व्हरचे लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि किमान १६ कोअरचे घ्यावे लागते. त्याशिवाय वापरणाऱ्यांसाठी कॅल, म्हणजे वापराचा परवाना, वेगळा; रिमोट डेस्कटॉपने (दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरचा स्क्रीन उघडून) काम करणाऱ्यांसाठी त्याचा आणखी वेगळा. स्वस्त कोटेशनमधून वगळलेली असतात ती बहुधा हीच कलमे. स्टँडर्ड आवृत्तीत एका सर्व्हरवर दोन आभासी सर्व्हर चालवण्याची मुभा असते, तिचा लाभ घ्या: एकावर ईआरपी, दुसऱ्यावर टॅली आणि फाइली. असे केले की यंत्र बिघडले तरी तो आभासी सर्व्हर उचलून दुसऱ्या यंत्रावर चालू करता येतो आणि विंडोज, ईआरपी, प्रिंटर हे सगळे नव्याने मांडत बसावे लागत नाही. तुमच्या अडीच दिवसांतला बराच वेळ त्यातच गेला होता. क्लाउडशी तुलना करायची झाल्यास हा सगळा खर्च, वॉरंटी, वीज आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) धरून पाच वर्षांचा काढा आणि क्लाउडच्या ६० महिन्यांच्या बिलाशेजारी मांडा. नुसती खरेदीची किंमत आणि एका महिन्याचे भाडे यांची तुलना करून घेतलेला निर्णय दोन्ही बाजूंनी फसवतो.

सर्व्हरची जागाही बदला. अकाउंट्सच्या खोलीतला, शॉप फ्लोअरकडे उघडणाऱ्या दाराजवळचा कोपरा सर्व्हरसाठी वाईट आहे. मशीनिंगचे तेलकट बाष्प आणि धातूची बारीक धूळ पंख्यांतून आत जाते आणि पुट धरते. यूपीएस डीजी सेट (डिझेल जनरेटर) सुरू होईपर्यंत पुरेल एवढाच नको. डीजी सुरूच झाला नाही तर सर्व्हर व्यवस्थित बंद करण्याइतका वेळ देणारा आणि त्याला तशी सूचना पाठवणारा हवा.

डेटाच्या मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक आवाराबाहेर, हा जुना नियम अजूनही उत्तम आहे. त्यात एवढीच भर घालतो की एक प्रत अशी असावी जी सर्व्हरच्या पासवर्डने पुसता येणार नाही. रॅनसमवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) सर्व्हरमध्ये शिरले की जोडलेली यूएसबी डिस्क आणि नेटवर्कवरचे बॅकअपचे फोल्डरही कुलूपबंद करते. क्लाउडमध्ये ठरावीक दिवस कोणालाच पुसता न येणारी साठवण मिळते, ती घ्या.

आणि तो बॅकअप परत उतरवून पाहा. तुमच्याकडे गुरुवारी कारखाना बंद असतो, ही मोठीच सोय आहे. महिन्यातून एका गुरुवारी, मुख्य सर्व्हरला हात न लावता, बाजूच्या एखाद्या बऱ्यापैकी पीसीवर आदल्या रात्रीचा बॅकअप उतरवायचा. मग डिस्पॅचच्या माणसाने बुधवारचे शेवटचे चलन पुस्तकातून काढून त्याचा नंबर, पार्ट नंबर आणि नग स्क्रीनवर जुळवायचे. अकाउंट्सने बँकेची शिल्लक जुळवायची. डिझाइनच्या माणसाने त्या आठवड्यात बदललेले एक ड्रॉइंग उघडून त्यावरचा बदल क्रमांक पाहायचा. सुरुवात किती वाजता केली आणि चलन स्क्रीनवर किती वाजता दिसले, हे वहीत लिहायचे. तुम्ही ठरवलेल्या तासांपेक्षा हा वेळ जास्त निघाला, तर आपली व्यवस्था कमी पडते हे बिघाडाआधीच कळते. वडिलांना या वेळी शेजारी बसवा. क्लाउडवरून उतरवलेले आपलेच चलन डोळ्यांसमोर उघडलेले पाहिले, की त्यांच्या शंकांना माझ्या पत्रापेक्षा चांगले उत्तर मिळेल.

संगणक बघणाऱ्या गृहस्थांबद्दल तुम्ही थोडे संकोचाने लिहिले आहे. त्यांना बदलावे असे मला वाटत नाही. इतकी वर्षे हाक मारली की येणारा माणूस हीदेखील तुमच्या व्यवस्थेतली एक भक्कम बाजू आहे. पण त्यांच्याशी लेखी एएमसी करा आणि त्यात डिस्कची स्थिती दर आठवड्याला पाहणे, दर महिन्याला सुधारणा बसवणे, बॅकअप अयशस्वी झाला की त्याच दिवशी कळवणे ही कामे नावानिशी घाला. बॅकअपचा रोजचा ईमेल त्यांच्याबरोबर तुम्हालाही आला पाहिजे, आणि ज्या दिवशी तो आलाच नाही त्या दिवशी चौकशी झाली पाहिजे. मुख्य पासवर्ड आज फक्त त्यांच्याकडे आहेत असे दिसते. त्यांची एक प्रत बंद पाकिटात कंपनीच्या तिजोरीत ठेवा. त्यांना हे अविश्वासाचे वाटू नये म्हणून तुम्हीच आधी बोला: ते आजारी असताना कारखाना थांबू नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

एक काम मात्र नवी खरेदी होईपर्यंत लांबणीवर टाकू नका. घरून ईआरपी पाहता यावी म्हणून राउटरमधून रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा ठेवल्याचे तुम्ही सहज लिहून गेला आहात. मुदत संपलेल्या विंडोजवर असे दार उघडे असणे ही रॅनसमवेअरची नेहमीची वाट आहे. ते आजच बंद करायला सांगा, आणि घरून काम करायचे तर व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी जोडणीतून) व दुहेरी पडताळणीने करा.

शेवटी जुन्या सर्व्हरविषयी. नवा चालू झाला की तो लगेच भंगारात देऊ नका. कंपनी कायद्यानुसार हिशेबवह्या आठ आर्थिक वर्षे जपाव्या लागतात, आणि नव्या ईआरपी आवृत्तीत जुनी वर्षे बहुतेक वेळा फक्त शिल्लक आकड्यांपुरती आणली जातात. जुनी वर्षे उघडता येतील अशी प्रत तयार करून ऑडिटरकडून तपासून घ्या. मगच त्यातल्या डिस्क काढून, त्यांना भोके पाडून निकामी करा आणि उरलेला सांगाडा अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे पावती घेऊन सोपवा.